थामे गावाला वाटेवरून वगळू नका : महाराष्ट्रातील ट्रेक आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून एव्हरेस्ट बेस कॅम्पला तुकड्या नेणाऱ्या सर्व गिर्यारोहण संस्था आणि ट्रेक आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी काही आयोजकांची एकत्र बैठक झाली आणि तीत येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामाचा कार्यक्रम ठरला. आजवर ज्या मोजक्या तुकड्या नामचे बाजारहून एका रात्रीसाठी थामे या गावी जात असत, त्यांच्याही कार्यक्रमातून तो मुक्काम काढून टाकावा आणि चौदा दिवसांचा ट्रेक सर्वांनीच तेरा दिवसांत बसवावा, असे त्या बैठकीत ठरले. कारणे दोन सांगितली गेली. पहिले असे की, थामेला पाहण्यासारखे काही नाही. लोकांना एव्हरेस्ट दिसायला हवा असतो आणि तो थामेहून दिसत नाही. दुसरे असे की, २०२४ च्या पुरात ते गाव वाहून गेले असून तिथे लोकांना नेणे आता धोक्याचे आहे. उंचीवरचा आहार आणि विरळ हवेचा त्रास या विषयावर मी तुमच्या तुकड्यांशी अधूनमधून बोलते, त्या नात्याने मीही बैठकीला हजर होते. मी हात वर केला, दोन वाक्ये बोलले, वेळ संपत आली होती आणि विषय पुढे सरकला. ती दोन वाक्ये अपुरी राहिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, पैसे भरून तुमच्याबरोबर येणाऱ्या माणसांनाही त्यांच्या वाटेवरून काय काढून टाकले गेले आहे, हे कळायला हवे.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. थामेला मी दोनदा राहिले आहे. पहिल्यांदा २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्याचपैकी एका तुकडीबरोबर, आणि दुसऱ्यांदा २०२५ च्या एप्रिलमध्ये, पुरानंतर, माझ्या भाचीला सोबत घेऊन. गावाशी माझे नाते एवढेच आहे. त्यात व्यवहाराचा भाग काही नाही. तरीही बैठकीतला तो निर्णय ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवलेले नाही.

जे तिकडे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. लुक्लाला विमानाने उतरून दोन दिवस चालले की ३,४४० मीटरवर नामचे लागते. तिथून बहुतेक सगळी गर्दी उजवीकडे, तेंगबोचेच्या दिशेने जाते. डावीकडे, पश्चिमेला, भोटे कोशी नदीच्या खोऱ्यात एक वाट वळते. ही वाट फुर्ते आणि थामो या वस्त्यांवरून, देवदाराच्या जातीच्या झाडांमधून, बऱ्यापैकी सपाटीने जाते आणि शेवटी एका अरुंद घळीत उतरून नदी ओलांडते. पुलाजवळच्या कातळावर बौद्ध आचार्य गुरू रिंपोचे आणि तारादेवी यांची रंगवलेली चित्रे आहेत आणि खाली पाण्याचा आवाज असा भरलेला असतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पूल ओलांडून दमछाक करणारा एक चढ चढलात की आवाज अचानक मागे पडतो आणि दगडी गडग्यांनी आखलेली शेते समोर येतात. हे थामे, उंची सुमारे ३,८०० मीटर. नामचेपासून रमतगमत चार-पाच तासांची चाल. गावाच्या वर डोंगराच्या कुशीत काही शतके जुना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आहे, तिथे वसंतात मणी रिमदूचा उत्सव होतो. रेंजो ला ही खिंड ओलांडून गोक्योला जाणारे थोडे ट्रेकर इथे एक रात्र टेकतात, बाकी कोणी फारसे फिरकत नाही.

२०१३ मध्ये आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ढग खाली आले होते. लॉजची मालकीण, जिला आम्ही सगळेच दिदी म्हणत होतो, तिने याकच्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या शेगडीत सरकवल्या आणि एक मोठी परात आमच्यासमोर ठेवली. परातीत सालासकट उकडलेले बटाटे होते, आपल्याकडच्या लिंबाएवढे, वाफाळते. सोलायचे ज्याचे त्याने. शेजारी वाटीत मीठ-मिरची वाटून ठेवलेली होती, ती मी जिभेला लावली आणि मला माझ्या आईच्या पाट्यावरचा ठेचा आठवला. दिदी स्वतःही आमच्याबरोबर बसून नखाने एकाच ओढीत बटाट्याची साल काढत होती आणि सोललेला बटाटा स्वतः न खाता, ज्याला सोलता येत नव्हते त्याच्या हातात देत होती. रात्री तिने किसलेल्या बटाट्याची जाड धिरडी केली आणि त्यांवर नाकच्या, म्हणजे याकच्या मादीच्या, दुधाचे लोणी घातले. त्या संध्याकाळी आम्ही बारा जण तीन तास एका शेगडीभोवती बसलो होतो आणि कोणाच्याही हातात फोन नव्हता. संपूर्ण ट्रेकमध्ये असे दुसऱ्यांदा घडले नाही.

तर, 'थामेला पाहण्यासारखे काही नाही' या म्हणण्याबद्दल.

तेनसिंग नोर्गे यांचे बालपण या गावात गेले. १९५३ च्या २९ मे रोजी एडमंड हिलरी यांच्याबरोबर जो माणूस एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिला, तो याच गडग्यांमधून याक हाकत मोठा झाला. एव्हरेस्टवर २१ वेळा चढून गेलेले आपा शेर्पा थामेचे. २०२५ च्या मे महिन्यात ३१ व्यांदा माथा गाठणारे कामी रिता शेर्पा थामेचे. कृत्रिम प्राणवायूशिवाय दहा वेळा माथा गाठणारे आंग रिता शेर्पाही याच खोऱ्यातले. जगाच्या पाठीवर एव्हरेस्टचा इतिहास एवढ्या थोड्या उंबऱ्यांत सामावलेले दुसरे गाव मला माहीत नाही. तुमच्या माहितीपत्रकांच्या पहिल्या पानावर तेनसिंग यांचे छायाचित्र असते, ते असायलाही हवे. पण ज्या गावाने तो माणूस घडवला, त्या गावासाठी त्याच पत्रकात एक रात्र नसावी, ही विसंगती मला सहन होत नाही. आपल्या लोकांना शिवनेरी दाखवायला नेताना आपण एवढे तरी सांगतो की महाराजांचा जन्म या वास्तूत झाला. मग इथे तीच माणसे नामचेच्या फाट्यावर उभी असताना, 'डावीकडे चार तासांवर तेनसिंग यांचे गाव आहे', हे वाक्य त्यांच्या कानांवर का पडू नये?

आणखी एक गोष्ट तुमच्या तुकड्यांना कोणी सांगत नाही. नामचेला पोचल्यावर आपली माणसे पहिली मागणी करतात ती फोन आणि बॅटऱ्या चार्ज करण्याची. नामचे, खुमजुंग, खुंदे या गावांना मिळणारी वीज थामेच्या खोऱ्यातल्या पाण्यावर होते. सुमारे ६०० किलोवॅटचे ते छोटे जलविद्युत केंद्र ऑस्ट्रियाच्या मदतीने उभे राहिले. त्याआधीही एक प्रकल्प जवळपास बांधून झाला होता. ४ ऑगस्ट १९८५ रोजी वरच्या लांगमोचे खोऱ्यातले डिग छो हे हिमतळे फुटले आणि तो प्रकल्प, १४ पूल आणि अनेक घरे घेऊन गेले. म्हणजे खुंबूमध्ये, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या प्रदेशात, आपण जो दिवा लावतो, त्यामागे या खोऱ्याने एकदा सगळे गमावून पुन्हा उभे केलेले काम आहे.

आता पुराविषयी, कारण तुमचे दुसरे कारण ते आहे आणि त्यात अर्धे सत्य आहे.

१६ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. भरदुपारी थामेच्या वर असलेल्या थ्यांबो परिसरातल्या लहान हिमतळ्यांपैकी वरच्या तळ्याचे पाणी खालच्या तळ्यात आले आणि तिथून बांध फोडून थामे खोला या ओढ्याच्या पात्राने गावात शिरले. हिमनदी मागे हटली की तिने पुढे ढकलत आणलेला दगडमातीचा ढीग, ज्याला आपण पाठ्यपुस्तकात हिमोढ म्हणून शिकवतो, तिच्या जागी साठलेल्या पाण्याला बांधासारखा अडवून धरतो. त्या बांधाला ना चुना ना सिमेंट; सुट्या दगडांचा तो ढीग असतो. पुण्याच्या ज्या घरांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्यांना वरून आलेले पाणी किती वेळ देते हे वेगळे सांगायला नको. नेपाळमधल्या धोकादायक हिमतळ्यांची यादी तज्ज्ञांनी २०२० मध्ये केली होती, तीत थ्यांबोची ही तळी नव्हती, इतकी ती लहान होती. पुरात गावाची शाळा गेली, आरोग्य केंद्र गेले, काही घरे आणि लॉज गेले आणि १३५ माणसे बेघर झाली. पूर दिवसा आला म्हणून माणसे वर पळू शकली आणि जीवितहानी झाली नाही. हाच पूर रात्री आला असता तर काय झाले असते, हे मी मनातही आणू शकत नाही.

ती शाळा हिलरी यांनी उभारलेल्या पहिल्या काही शाळांपैकी, १९६३ सालची. आपा शेर्पा यांना वडील वारल्यावर बाराव्या वर्षी शाळा सोडून ओझी वाहावी लागली. पुढे नाव झाल्यावर त्यांनी ज्या शाळेसाठी मदत उभी केली, ती हीच. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी तिच्या जागेवर गेले. तिथे करड्या गोट्यांचे पात्र पसरले होते. गोट्यांमधून एका बाकाची लोखंडी चौकट तिरकी वर आलेली होती, फळ्या गेलेल्या, आणि चौकटीच्या एका पायाला निळा रंग अजून शाबूत होता. मी तीस वर्षे अशाच बाकांच्या रांगांमधून फिरले आहे. भाचीने फोटो काढण्यासाठी फोन वर केला आणि पुन्हा खिशात ठेवला.

पण तिथून शंभरेक पावलांवर, गडग्याच्या पलीकडे, बायका बटाट्याची लावणी करत होत्या. ही बाब मी ठासून सांगते. पुराने नदीकाठचा भाग नेला. गोंपा जागेवर आहे, वरच्या अंगाची घरे आहेत, शेते आहेत, वाट आहे, आणि पाहुणे आले तर चहा ठेवायला माणसे आहेत. ज्या दिदीकडे आम्ही २०१३ मध्ये उतरलो होतो, तिचे घर उंचावर असल्याने वाचले. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या लॉजमध्ये आमच्याखेरीज कोणीही नव्हते. एप्रिल हा खुंबूतल्या ऐन हंगामाचा महिना. त्याच रात्री नामचेला खोल्या मिळत नव्हत्या आणि लोक जेवणघरात बाकांवर झोपत होते. दिदीने आम्हांला विचारले, 'तुमच्याकडे लोक म्हणतात का, की थामे राहिलेच नाही?' मी काही बोलू शकले नाही, कारण तुमच्यापैकी एकाच्या प्रशिक्षण वर्गात मी हेच वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

म्हणून माझी सर्वांत मोठी तक्रार ही आहे. गाव वाहून गेले, ही खोटी बातमी आपण पसरवत आहोत. पुराच्या दिवशी ती घाईत कोणी बोलले असेल तर समजू शकते. वर्ष उलटून गेल्यावरही तीच कार्यक्रमपत्रिकेत 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' या शब्दांत यावी, हे समजण्यासारखे नाही. धोका नाही, असे मी म्हणत नाही. वर तळी आहेत, हवामान तापते आहे आणि खुंबूतल्या इतर गावांच्या डोक्यावरही तशीच तळी आहेत. दिंगबोचेच्या वर इम्जा छो हे हिमतळे आहे आणि तरीही दिंगबोचेचे दोन मुक्काम तुम्ही एकाही कार्यक्रमातून काढलेले नाहीत, काढावेत असे मीही म्हणणार नाही. १९८५ चा पूर ४ ऑगस्टला आला आणि २०२४ चा १६ ऑगस्टला, दोन्ही ऐन पावसाळ्यात. आपल्या तुकड्या जातात त्या मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. स्थानिक माणसांना विचारून, नदीकाठापासून दूर असलेल्या घरात उतरून, एक रात्र राहता येते. असे विचारण्याचे कष्ट निर्णय घेण्याआधी कोणी घेतले होते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दुसरी तक्रार आपल्याच माणसांच्या तब्येतीविषयी आहे आणि ती मी शिक्षिकेच्या कडक स्वरात करणार आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी थांबावे, हा नियम तुम्ही स्वतःच तुमच्या वर्गात शिकवता. नामचे ३,४४०, थामे ३,८००: इतका सोयीचा टप्पा या मार्गावर शोधून सापडणार नाही. थामेला एक रात्र झोपून नामचेला परत उतरलेले शरीर तेंगबोचे आणि दिंगबोचेच्या चढाला अधिक तयार असते. पुढे तेंगबोचे ते दिंगबोचे आणि दिंगबोचे ते लोबुचे या दोन्ही टप्प्यांत आपण पाचशे मीटरची मर्यादा ओलांडतोच. मग त्याआधीचा जो एक दिवस शरीराला सवलत देतो, नेमका तोच का कापायचा? नामचेला थांबून हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत चढून उतरणे चांगलेच आहे, पण दिवसा वर जाऊन येणे आणि रात्र वर काढणे यात फरक आहे. बेस कॅम्पच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामाहून, गोरक्षेपहून, हेलिकॉप्टरने खाली आणावे लागलेले आपले लोक मी पाहिले आहेत. त्यांतला एक चाळिशीचा गृहस्थ शुद्धीवर आल्यावर सतत एकच सांगत होता, की त्याला सुट्टी फक्त पंधरा दिवसांची होती.

तुमची अडचण मला मान्य आहे. नोकरदार माणसाला रजा मोजून मिळते. लुक्लाची विमाने हवामानामुळे अडकतात, गर्दीच्या महिन्यांत ती काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात आणि त्यासाठी मध्यरात्री उठून गाडीने जावे लागते. एक दिवस हाताशी राखीव असणे गरजेचे आहे, हे मी नाकारत नाही. पण तो दिवस काठमांडूतल्या शेवटच्या खरेदीच्या दिवसातून काढता येईल. चौदाचे तेरा झाले म्हणून जे शुल्क कमी होईल, ते पाहून अधिक लोक येतील, हा हिशेब बैठकीत उघडपणे मांडला गेला होता. हिशेब करण्यात गैर काही नाही, परंतु त्याला सुरक्षिततेचे नाव देऊ नये, एवढीच विनंती आहे.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि ती थोडक्यात. खुंबूतल्या लॉजमध्ये खोलीचे भाडे नाममात्र असते. घर चालते ते पाहुण्यांच्या जेवणावर. तुमच्या काही तुकड्या आपला स्वयंपाकी, आपले पोहे, आपले तूप-पापड बरोबर नेतात आणि लॉजमध्ये फक्त गरम पाणी मागतात. नामचेसारख्या भरल्या बाजाराला हे परवडेल. तीन-चार पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या घराला नाही. शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होते, ही समजूतही चुकीची आहे. बटाटा, दालभात, पालेभाजी आणि ताकद टिकवणारे लोणी तिथे भरपूर मिळते आणि मी दोन्ही वेळा तेच खाऊन परत आले.

पुरानंतर आपल्याकडून मदत गेली, तिचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. ज्यांनी पैसे पाठवले त्यांचे मी मनापासून आभार मानते. मात्र वापरलेल्या कपड्यांच्या ज्या गोण्या गोळा झाल्या आणि काठमांडूतच पडून राहिल्या, त्यांबद्दल पुढच्या वेळी आधी विचारून घ्यावे. दिदीशी बोलताना मला कळले ते एवढेच, की तिला आमच्याकडून कपडे नकोत. हंगामात आठवड्याला एक तुकडी आली तर ती घराचे छप्पर स्वतः बदलू शकते.

आणि एक तक्रार स्वतःसकट आपल्या सगळ्यांवर. २०१३ मध्ये आमची तुकडी गोंपाच्या अंगणात पोचली तेव्हा आत पूजा चालू होती, लांब शिंगांचा खालच्या पट्टीतला आवाज येत होता. आमच्यातल्या काहींनी चढ संपल्याच्या आनंदात 'हर हर महादेव'ची आरोळी ठोकली. ती घोषणा माझ्याही ओठांवर असते, राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मी ती दिलेली आहे. तिथे मात्र एक वृद्ध लामा बाहेर आला, काही न बोलता आमच्याकडे पाहत उभा राहिला आणि आत गेला. आम्हांला कोणी आधी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. मणी, म्हणजे बौद्ध मंत्र, कोरलेल्या दगडांची भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, हेही आम्हांला तिथल्या एका शाळकरी मुलाने शिकवले. प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसांना ते समजायला एक क्षणही लागला नाही. जिथे जायचे त्या गावाची एवढी ओळख करून देणे हे आयोजकाचे काम आहे, असे मला वाटते. शांत गाव आपल्या गोंगाटाला उत्तर देत नाही, म्हणून त्याला तो चालतो, असा अर्थ आपण काढू नये.

हे सगळे लिहिताना इर्शाळवाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इर्शाळगडाला जाणाऱ्या शेकडो मुंबई-पुणेकरांनी त्या ठाकरवाडीत पाणी मागितले, पिठलं-भाकरी खाल्ली, बूट काढून ओसरीवर पाठ टेकली. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडी तिच्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी आपल्यातल्या कित्येकांनी तिथले जुने फोटो शोधले आणि त्यांच्या लक्षात आले की फोटोत गड आहे, सुळका आहे, मित्र आहेत, भाकरी वाढणारी बाई मात्र एकातही नाही. माझ्याकडच्या फोटोंतही नव्हती. थामेच्या बाबतीत माणसे वाचली आहेत. त्यांच्याकडे जाण्याची वाट खुली आहे आणि आपण ती स्वतःच्या हाताने बंद करत आहोत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या शब्दांत लिहिते.

थामेचा मुक्काम वगळण्याचा निर्णय मागे घ्यावा. ज्या तुकड्या आजवर तिथे जात होत्या, त्यांच्या कार्यक्रमात तो पूर्ववत करावा, आणि इतर आयोजकांनी निदान हंगामातल्या एका तुकडीला तो जोडावा. सगळ्यांनी सगळ्या तुकड्या नेऊ नयेत. तीस-चाळीस माणसे एकाच रात्री त्या गावावर लोटणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. बारा-पंधरा माणसांची एक तुकडी, दोन घरांत विभागून, इतकेच.

'गाव उरलेले नाही' आणि 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' हे शब्द तुमच्या पत्रकांतून आणि वर्गांतून काढावेत. त्याऐवजी काय घडले, कोणत्या भागात घडले, आज काय आहे आणि पावसाळ्यात काय धोका असतो, हे खरे खरे सांगावे. ते सांगण्यासाठी अर्धा तास मिळाला तर मी नकाशासह येईन, मानधन नको.

जेवण लॉजमध्येच घ्यावे, ही अट थामेपुरती तरी पाळावी. गोंपात कसे वागावे याची सूचना निघण्याआधीच्या बैठकीत द्यावी, वाटेवर ओरडून नव्हे. मदत पाठवायची असेल तर आधी गावात विचारावे. आणि पुढे असा कोणताही मुक्काम काढायचा असेल, तेव्हा तुमच्याबरोबर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या शेर्पा वाटाड्यांचे मत बैठकीआधी घ्यावे. या वेळी त्यांतल्या एकालाही विचारले गेले नव्हते, हे मी त्यांच्याशी बोलून खात्री करून लिहीत आहे.

ऑक्टोबरच्या तुकड्यांसाठी नामचेच्या खोल्या तुम्ही येत्या पंधरा दिवसांत राखून ठेवाल. थामेचा निरोपही त्याच वेळी जायला हवा, कारण दिदीला लाकडी खाटा दुरुस्त करायच्या आहेत आणि सरपण-गोवऱ्यांचा साठा पावसाळा संपताच करावा लागतो. तुमच्यापैकी कोण जाणार आहे आणि किती माणसे असतील, ते मला कळवावे. मी तिला फोन करून सांगेन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
सातारा